रविवारी मधली खोली रिकामी असते

ही गोष्ट खरी आहे. यात मी काही वाढवून सांगणार नाही.

माझं कामच तसं आहे. मी हवा मोजते. कारखान्यांतल्या बंद टाक्या, तळघरं, शीतगृहं... आत माणूस उतरवायच्या आधी तिथली हवा श्वास घेण्याजोगी आहे का, हे यंत्र लावून पाहायचं आणि कागदावर सही करायची. माझ्या सहीच्या भरवशावर माणसं आत उतरतात. तिथे तिखटमीठ लावून चालत नाही.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही.

रात्री आमच्याकडे काहीच व्हायचं नाही. रात्री आम्ही दोघी गाढ झोपायचो.

जे व्हायचं ते भर दिवसा, बाहेर लख्ख ऊन असताना.

सोमवार ते शुक्रवार. ऑफिसच्या वेळेत.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. मी त्यांना आईच म्हणते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तो गेल्यावर लोकांना वाटलं, आता सासू एका वाटेला आणि सून दुसऱ्या. तसं काही झालं नाही. आमचं भांडण होतं ते फक्त पंख्याच्या वेगावरून.

आमचं जुनं घर रस्ता रुंद करताना गेलं. मग आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. ‘तात्पुरतं’ म्हणून नेलं होतं. त्या तात्पुरत्यात सासूबाईंचे गुडघे गेले आणि फुप्फुसंही नाजूक झाली.

त्याच शहरात ऑफिसच्या इमारती ओस पडल्या होत्या. काचेच्या, उंच, चकचकीत. माणसं पत्र्याखाली आणि संगमरवरी लॉबीत कबुतरं, असा सगळा कारभार. शेवटी नगररचना खात्याने ठरवलं, या इमारती भाड्याने घ्यायच्या, आत भिंती घालायच्या आणि त्यांची घरं करायची.

आम्हाला सहाव्या मजल्यावर घर मिळालं.

पावाचे काप करावेत तसे त्या मोठ्या हॉलचे काप केले होते. एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीला काचेची भिंत, ती उघडत नाही. मागे स्वयंपाकघर, त्याला पाइपांच्या बोळात उघडणारी एक लहानशी खिडकी.

आणि मधली खोली...

मधल्या खोलीला खिडकीच नव्हती. चारही बाजूंनी भिंत, वर फॉल्स सीलिंग. फरशीवर जुन्या कार्पेटच्या गोंदाचे करडे डाग आणि त्यांत टेबलांच्या पायांच्या खुणा. आठ टेबलांच्या. घासून घासून माझे हात दुखले, खुणा गेल्या नाहीत.

ती खोली सासूबाईंनी घेतली.

"आई, तिथे खिडकी नाही."

"खिडकीतून काय बघायचंय मला? सगळं बघून झालंय."

"तरी पण..."

"अगं, लग्न होऊन आले तेव्हापासून स्वयंपाकघरात झोपले. शेडमध्ये पडद्याआड झोपले. आता दार असलेली खोली मिळालीय. ती मी सोडणार नाही. तू हवं तर खिडकी घे, मी दार घेते."

पहिल्या दिवशी त्यांनी ते दार दहादा लावलं आणि उघडलं. फक्त कडीचा आवाज ऐकायला.

आम्ही शनिवारी राहायला गेलो. रविवार छान गेला.

सोमवारी माझी रजा होती. मी पुढच्या खोलीत पुस्तकं लावत होते. सकाळचं साधारण अर्धं काम उरकलं असेल. सासूबाई कपाळ चोळत बाहेर आल्या.

"आत कोंडल्यासारखं होतंय गं."

"झोप झाली नसेल."

"झोपेचं नाही. भरल्या बाजारात उभं राहिल्यासारखं होतंय. सगळे अंगाला अंग लावून..."

मी आत गेले. खोलीत कुणी नव्हतं. पलंग, कपाट, पंखा. एवढंच.

पण खोली गरम होती. उन्हाने तापते तशी नाही. त्या खोलीला ऊन लागतच नाही.

माणसांनी भरलेली खोली तापते ना... तशी.

मला वाटलं, खिडकी नाही म्हणून असेल. कशाला काही मनात आणायचं? दुसऱ्या दिवशी मी कामावरून एक छोटं यंत्र घरी आणलं. आपण श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. हे यंत्र तो मोजतं. बंद खोलीत माणसं जितकी जास्त, तितका आकडा वर जातो. यंत्राला माणसं दिसत नाहीत, फक्त श्वास दिसतात.

पुढच्या सकाळी सासूबाईंना मी समोरच्या घरात पाठवलं. तिथे टेलरकाका राहतात. आमच्या रहिवासी समितीचे तेच प्रमुख. मधली खोली रिकामी केली. यंत्र पलंगावर ठेवलं. दार लावलं, फटीला चिकटपट्टी लावली आणि कामाला गेले.

संध्याकाळी येऊन पट्टी काढली आणि यंत्रातला आलेख पाहिला.

मी तो उभ्यानेच पाहिला. मग खाली बसले.

सकाळी आकडा बाहेरच्या हवेइतकाच होता. रिकाम्या खोलीचा असतो तसा. नऊच्या सुमाराला तो चढायला लागला. चढत गेला... चढत गेला... दुपारी जेवणाच्या वेळेला जरा उतरला. पुन्हा चढला. आणि सहा वाजल्यावर झरझर खाली आला.

असे आलेख मी शेकड्यांनी पाहिलेत. डोळे मिटूनही ओळखीन.

तो भरलेल्या ऑफिसचा आलेख होता.

बंद खोलीत. चिकटपट्टीच्या आत.

यंत्र खोटं बोलत नाही, पण ते चुकू शकतं. म्हणून मी दुसरं यंत्र आणलं. मग तिसरं. तिन्ही एकाच वेळी चढली आणि एकाच वेळी उतरली. खोलीच्या आकारावरून आणि आकड्यावरून मी हिशोब मांडला.

आठ माणसं.

रविवारी तिन्ही यंत्रं दिवसभर गप्प होती.

मग मी आणखी एक गोष्ट केली. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की आवाज घुमतो. माणसांनी भरलेल्या खोलीत घुमत नाही. माणसांची अंगं, त्यांचे कपडे तो आवाज पिऊन टाकतात. हे शाळेतलं विज्ञान आहे.

रविवारी मी मधल्या खोलीत टाळी वाजवली. टण्ण करून आवाज चारही भिंतींवरून परत आला.

सोमवारी अकरा वाजता पुन्हा तिथेच उभी राहिले. हात वर केले. टाळी वाजवली...

आवाज परत आला नाही.

माझ्या तळहातांतच संपला.

मी उलट्या पावली बाहेर आले. पाठ फिरवायची हिंमत झाली नाही.

सासूबाईंपासून लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या खोलीत आठ माणसं आहेत?"

"आठ माणसांएवढे श्वास आहेत."

"बाया की बाप्ये?"

"ते यंत्राला कळत नाही, आई."

"मग कसलं मेलं यंत्र!"

त्या उठल्या. काठी टेकत मधल्या खोलीच्या दारात गेल्या. उंबऱ्यावर उभ्या राहून रिकाम्या खोलीला म्हणाल्या, "हे बघा. तुमची कंपनी बंद झाली. कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. आता हे घर आहे. आम्ही पत्र्याखाली हाडं शेकून इथे आलोय आणि आता कुठे जाणार नाही. तुम्हाला बसायचं तर बसा. माझ्या पलंगावर बसायचं नाही."

आत शांतता.

आणि मग... पलंगाच्या बाजूने चाकांचा आवाज आला.

चाकाची खुर्ची मागे सरकवली की येतो तसा.

आमच्या घरात चाकाची खुर्ची नाही.

सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऐकतात."

दिवसा त्यांनी पुढच्या खोलीत बसायचं, असं आमचं ठरलं. त्यांनी मान डोलावली. पण सासूबाईंचं मान डोलावणं आणि पंख्याचं डोलणं यात फार फरक नसतो.

त्याच आठवड्यात मला कामावर टेलरकाकांचा फोन आला. "ताई, असाल तशा या."

मी पोचले तेव्हा सासूबाई बाहेरच्या बोळात, आमच्या घराच्या उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या. ओठ निळसर. टेलरकाका पुठ्ठ्याने वारा घालत होते. डॉक्टर येऊन गेले होते. म्हणाले, फुप्फुसं आधीच नाजूक आहेत, कोंडलेली हवा यांना सोसायची नाही. पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही.

संध्याकाळी त्यांना बोलता आलं.

"मी झोपले होते. आपल्या खोलीत. हो, झोपले. ओरडू नकोस."

"ओरडत नाहीये."

"तुझे डोळे ओरडतायत. ऐक. मला उठवेना. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. आणि मग... कुणीतरी दार उघडलं."

"दार तर तुम्ही आतून लावता."

"तेच सांगतेय ना. कडी निघाली. बाईचा आवाज होता. जरा घोगरा, सर्दी झाल्यासारखा. म्हणाली, ‘मॅडम, जरा बाहेर जाऊन या. इथे हवा नाहीये.’ माझ्या दंडाला धरून उठवलंन तिने."

मी त्यांचा दंड चाचपून पाहिला.

"जन्मात मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं गं," सासूबाई म्हणाल्या.

त्या रात्री मी विचार करत राहिले. त्यांचाही जीव कोंडत होता. आठ जणांचा आणि सासूबाईंचा. सगळे एकाच खोलीतल्या हवेवर.

मालकाचा माणूस येऊ लागला तो याच सुमाराला.

इमारतीचा मालक कधी आम्हाला दिसला नाही. यायचा तो त्याचा माणूस. पांढरा शर्ट, हलक्या पावलांनी चालणारा, बोलणं साखरेच्या पाकातलं. ऑफिसांना पुन्हा भाव आला होता आणि मालकाला इमारत परत हवी होती. खात्याबरोबरच्या करारात एक अट होती. घरं राहण्यायोग्य नाहीत असं ठरलं तर इमारत परत जायची.

आणि आम्ही परत पत्र्याखाली.

हा माणूस दारोदार फिरायचा आणि हळूच विचारायचा, "काही त्रास वगैरे नाही ना? नाही, लोक म्हणतात, दिवसा इथे कुणीतरी असतं..." तेवढं पुरायचं. आमच्या मजल्यावरची दोन कुटुंबं तेवढ्यावर निघून गेली.

आमच्या दारात तो आला तेव्हा टेलरकाका बसले होते.

"आमच्या घरात कुणीतरी शिंकतं," काका त्याला म्हणाले. "रोज दुपारी. मी म्हणतो, समोर या, सर्दीचं औषध देतो. अजून कुणी समोर आलं नाही. तुम्ही आलात."

मालकाचा माणूस हसला नाही. तो माझ्या खांद्यावरून मधल्या खोलीकडे बघत होता. म्हणाला, "मॅडम, खात्याची तपासणी लावली आहे. हवेची. बुधवारी सकाळी अकराला."

"रविवारी ठेवा," मी म्हटलं. "सगळे घरी असतात."

"रविवारी काही दिसायचं नाही."

तो बोलून गेला.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

तो जिन्याकडे गेला. लिफ्ट समोर उघडी असताना.

मंगळवारी समितीची बैठक आमच्याकडेच झाली. टेलरकाकांनी मला बाजूला घेतलं. "ताई, तुम्ही या विषयातल्या. ते यंत्र जरा इकडचं तिकडे... थोडं खिडकीपाशी... म्हणजे आकडा..."

"नाही, काका."

"घर जाईल हो."

"आकडा खोटा सांगून घर राहिलं तर त्या खोलीत आई मरतील. मला दोन्ही हवंय. घरही आणि आईही."

"मग करायचं काय?"

मधल्या खोलीत मी टेबलावर स्टूल चढवलं आणि फॉल्स सीलिंगची एक पाटी सरकवली. वर टॉर्च मारला. मला जे वाटलं होतं ते तिथे होतं. ताजी हवा आणणारा, पत्र्याचा रुंद डक्ट. ऑफिसच्या काळातला. सगळ्या इमारतीतून गेलेला, बोळातल्या पंख्यांमुळे अजून चालू असलेला. आमच्या खोलीवर आल्यावर त्याचं तोंड पत्रा ठोकून बंद केलं होतं. घरं करताना कुणालातरी वाटलं असेल, घराला कशाला हवी ऑफिसची हवा? घराला खिडक्या असतात.

मधल्या खोल्यांना खिडक्या नाहीत, हे पत्रा ठोकणाऱ्याला ठाऊक नव्हतं. नकाशा काढणाऱ्याला पत्रा ठाऊक नव्हता.

बुधवारी अकराला खात्याच्या इंजिनिअर मॅडम आल्या. माझ्याच वयाच्या, दमलेल्या, हातात माझ्यासारखंच यंत्र. मागे मालकाचा माणूस. तो मधल्या खोलीत आला नाही, दाराच्या चौकटीशी थांबला. घाम पुसत होता.

मॅडमनी यंत्र पलंगावर ठेवलं. आकडा चढला. कमाल मर्यादेच्या कितीतरी वर गेला.

"सॉरी," त्या मला म्हणाल्या. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. "ही खोली नापास आहे. आणि बाकीच्याही अशाच असतील तर..."

"थांबा," मी म्हटलं. "खोलीत तुम्ही, मी, आई आणि काका, असे चौघं उभे आहोत. सगळे बाहेर चला. दार लावू. मग मोजा."

आम्ही पुढच्या खोलीत आलो. यंत्राचा आकडा त्यांच्या फोनवर दिसत होता. त्या हसून म्हणाल्या, "आता उतरेल."

तो उतरला नाही.

चढला...

पुन्हा चढला...

मॅडमचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी दार उघडून आत पाहिलं. पलंग, कपाट, पंखा. त्यांनी दार लावलं. फोनकडे पाहिलं. आकडा अजून चढतच होता.

"हे मी काय लिहू?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"जे दिसतंय ते लिहा," मी म्हटलं. "खोलीत जेवढी माणसं राहतात, त्यापेक्षा जास्त श्वास आहेत. पुढे लिहा, खोली नापास नाही, हवा कमी आहे. कारण वर आहे. डक्टचं तोंड बंद केलंय."

मालकाचा माणूस एकदम म्हणाला, "म्हणजे इथे भुतं आहेत, हे तुम्ही कबूल करताय!"

"मी आकडा कबूल करते," मी म्हटलं. माझा आवाज असा चढत नाही कधी. त्या दिवशी चढला. "श्वास जास्त असतील तर हवा जास्त द्यायची. माणसांना हाकलायचं नाही. जिवंत असोत नाहीतर कसेही असोत."

"शाब्बास, सूनबाई!" मागून सासूबाई म्हणाल्या. "आणि मॅडमबाई, तुम्हीही ऐका. आम्ही एकदा उठलो, रस्त्यासाठी. दुसऱ्यांदा उठणार नाही. आधी मला उचलावं लागेल आणि मी जड आहे."

मॅडम क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डक्ट उघडायला आठवडे लागतात. अर्ज, मंजुरी..."

"शिडी आणू?" टेलरकाकांनी विचारलं.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं आणि पुढच्या खोलीच्या काचेबाहेर बघत म्हणाल्या, "मी तिकडे बघतेय."

काका शिडीवर चढले. सीलिंगच्या पाट्या खाली आल्या. पत्र्याला छिन्नी लावली. एक घाव. दुसरा. पत्रा एका कोपऱ्यातून उचकटला आणि...

तो आवाज मी कसा सांगू?

वाऱ्याचा होता. तो वाराच होता, मी तसंच म्हणेन. पण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने तो ऐकला आणि प्रत्येकाने एकच सांगितलं.

खूप वेळ श्वास रोखून धरलेल्या माणसांनी एकदम तो सोडावा... तसा.

काकांच्या हातातून छिन्नी पडली.

मॅडमच्या फोनवरचा आकडा धावत खाली आला. मर्यादेच्या आत. तिथेच थांबला.

मी आत गेले. गार, स्वच्छ हवा येत होती. मी टाळी वाजवली.

आवाज परत आला नाही.

म्हणजे ते होतेच. फक्त आता त्यांना श्वास घेता येत होता.

मॅडमनी अहवालात लिहिलं, ‘हवेचा पुरवठा पूर्ववत केल्यावर खोली राहण्यायोग्य.’ सगळ्या मजल्यांचे पत्रे निघाले. इमारत आमच्याकडे राहिली. मालकाचा माणूस त्या दिवशी कधी निघून गेला ते कुणालाच कळलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

आमच्या मजल्यावर पूर्वी काय घडलं होतं, ते मी शोधलं. आग नाही. अपघात नाही. आत्महत्या नाही. त्या इमारतीत कुणीही मेलेलं नाही. एका दुपारी कंपनीने सगळ्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. एवढंच घडलं होतं.

मग ते आठ जण कोण?

सासूबाईंचा चष्मा बदलायचा होता म्हणून आम्ही चष्म्याच्या दुकानात गेलो. काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई होत्या. सासूबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मी पत्ता लिहून दिला. त्यांनी तो वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सहावा मजला? मी होते तिथे. कंपनी बंद होईपर्यंत."

आवाज घोगरा होता. सर्दी झाल्यासारखा.

"मजल्याच्या मधल्या भागात आम्ही आठ जण बसायचो," त्या म्हणाल्या. "सगळे जिवंत आहेत अजून. कुणी कुठे, कुणी कुठे. गंमत सांगू? नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, पण नऊ वाजले की माझं डोकं जड व्हायचं. इथे, दार सताड उघडं असताना. सहा वाजले की मोकळं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. आणि एक दिवस आपोआप थांबलं. बुधवार होता. दुपारी छातीवरचा दगड उचलल्यासारखं झालं."

मी काउंटरची कड घट्ट धरली.

"दुपारी डुलकी लागली की एक म्हाताऱ्या बाई दिसायच्या," त्या बोलत होत्या. "माझ्या टेबलाच्या जागी झोपलेल्या. मी त्यांना उठवायचे, म्हणायचे..."

तेवढ्यात सासूबाई काठी टेकत आत आल्या.

बाईंचं वाक्य तिथेच राहिलं.

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. मग सासूबाईंनी हात पुढे केला आणि त्यांचा हात धरला. चष्मा पुढच्या आठवड्यात मिळेल, असं बाईंनी मला सांगितलं. नजर सासूबाईंवरच होती.

पुढच्या रविवारी सकाळी मी सवयीने यंत्राकडे पाहिलं. रविवारी आकडा वाढत नाही. कधीच वाढला नव्हता. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. मधल्या खोलीत कुणी नव्हतं.

आकडा थोडा वर होता...

मी हिशोब केला. पुन्हा केला.

एका माणसाचा.

सोमवारी मी चष्मा आणायला गेले. काउंटरवर दुसराच माणूस होता. बाईंबद्दल विचारलं. म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही? शनिवारी गेल्या. झोपेतच."

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी नवा चष्मा लावला आणि बराच वेळ मधल्या खोलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "राहू दे तिला. शनिवार-रविवारही राहू दे. पलंग मात्र माझा."

आम्ही अजून त्याच घरात आहोत. आता ती खोली रविवारीही रिकामी नसते.

परवा मालकाच्या माणसाचा फोन आला. आवाज उतरला होता, त्यात साखर नव्हती. म्हणाला, "मॅडम, अजून विचार करा. आम्ही तुम्हाला दुसरीकडे जागा देऊ. एक दिवस ती खोली भरून जाईल."

तो तेव्हा चौकटीशी का थांबला होता, तपासणीच्या वेळी त्याला घाम का येत होता, ते मला त्या क्षणी कळलं. मी विचारलं, "तुमचं टेबल कुठलं होतं?"

 फोनवर फक्त श्वास ऐकू आले.

मग तो म्हणाला, "दाराजवळचं."

  मी फोन ठेवला नाही.

"काळजी करू नका," मी म्हटलं. "डक्टमधून किती हवा येते, ते मी मोजलंय. आठ जणांना पुरेल."

तो ऐकत होता.

"आणि आम्हा दोघींना."